लंडन नव्हे, बर्लिन

जीवशास्त्राला प्रवेश घेणारी मुलं आधी विद्यापीठाचं नाव बघतात. सलीम अलींनी गुरू बघितला.

१८९६ साली मुंबईच्या सुलेमानी बोहरा कुटुंबात जन्मलेल्या सलीमना पक्ष्यांचा नाद होता, पण विद्यापीठाची पदवी नव्हती. त्यामुळे भारतीय प्राणिशास्त्र सर्वेक्षणातली पक्षितज्ज्ञाची जागा हुकली. पुढे प्रिन्स ऑफ वेल्स संग्रहालयात व्याख्यात्याची नोकरी मिळाली, तरी शास्त्रशुद्ध शिक्षणाची उणीव सलत राहिली.

इंग्रजी अमलातल्या माणसाने लंडनला जावं, हा तेव्हाचा रिवाज. सलीम अली मात्र १९२९ मध्ये बर्लिन विद्यापीठाच्या प्राणिशास्त्र संग्रहालयात गेले, एर्विन श्ट्रेझेमान यांच्या हाताखाली. हेल्गोलँड बेटावर पक्ष्यांच्या पायात कडी घालण्याचं तंत्रही शिकले.

१९३० मध्ये परतले, तर पैशाअभावी नोकरीच रद्द झालेली! मग अलिबागजवळच्या किहीमला राहून त्यांनी सुगरण पक्ष्याचा संसार न्याहाळला. त्या अभ्यासाने त्यांचं नाव झालं. १९५८ मध्ये अलीगढ मुस्लीम विद्यापीठाने त्यांना मानद डॉक्टरेट दिली.

बर्लिनहून त्यांनी पदवी आणली नव्हती, बघण्याची शिस्त आणली होती. प्रवेशअर्ज भरताना म्हणून एवढंच विचारा: तिथे आपल्याला शिकवणार कोण?