मुभा आहे, सक्ती नाही

मेंदूला बुरशी लागते ती आधीच खंगलेल्या रुग्णाला, असे मी समजत होतो. २००९ साली इराणमधल्या एका कुटुंबाचा अभ्यास प्रसिद्ध झाला. तिथे नात्यातच लग्ने होत. तिघे किशोरवयात दगावले. त्यांतल्या दोघांच्या मेंदूत कँडिडा बुरशी शिरली होती. दोष ‘कार्ड-९’ या जनुकात निघाला. आई आणि वडील दोघांकडून तो आला तरच आजार होतो. अशी माणसे एरवी धडधाकट असतात, फक्त बुरशीपुढे हरतात.

‘मुसलमानांत असेच चालते’ म्हणणाऱ्यांना मी महाराष्ट्रातली मामेबहिणीशी होणारी लग्ने आठवून देतो. पण आपल्या लोकांनाही विचारतो: चुलत-मामे भावंडांच्या निकाहाला शरियतने मुभा दिली, सक्ती कुठे केली? घराण्यात असा आजार असेल, तर निकाहाआधी डॉक्टरांना विचारायला लाज कसली?