कस्तुरी व जवादी : प्राणिज सुगंधांचे रसायन

कस्तुरीमृगाच्या नराच्या पोटाखाली, बेंबीजवळच्या ग्रंथीत कस्तुरी तयार होते. ताजा स्राव उग्र व नकोसा असतो. वाळवून, अल्कोहॉलमध्ये मुरवून अतिशय विरल केल्यावरच त्याचा ऊबदार, रेंगाळणारा गंध उमलतो. हा गंध मुख्यतः मस्कोन या कीटोनाचा. हाइन्रिख वालबाउम यांनी १९०६ मध्ये तो वेगळा केला, पण त्याची रचना आणखी वीस वर्षे अज्ञात राहिली.

लेओपोल्ट रुझिच्का यांनी १९२६ च्या सुमारास दाखवलेली रचना खरोखर विलक्षण होती. मस्कोनमध्ये १५ कार्बन अणूंचे वलय असून त्याला एक मेथिल गट जोडलेला असतो. जवादी मांजराच्या स्रावातील सिव्हेटोनचे वलय १७ कार्बनांचे, त्यात एक द्विबंध. एवढी मोठी वलये ताणामुळे टिकणार नाहीत, असे बायर यांच्या सिद्धांतावरून मानले जाई. मात्र तो सिद्धांत वलय सपाट धरतो. प्रत्यक्षात अणू वळणे घेत मांडले जातात आणि ताण उरत नाही. रुझिच्कांना १९३९ च्या रसायनशास्त्राच्या नोबेलचा अर्धा वाटा मिळाला.

हे जड रेणू सावकाश उडतात, म्हणून सोबतचे हलके गंधही टिकवतात. जवादीची दुर्गंधी सिव्हेटोनची नव्हे, त्यातील स्कॅटोलची.

वनस्पतींतही असे रेणू आहेत : कस्तुरी भेंडीच्या बियांतील अँब्रेटोलाइड हे मोठ्या वलयाचे लॅक्टोन. आज परफ्यूम उद्योग जवळजवळ सर्वस्वी कृत्रिम कस्तुरीगंधांवर चालतो. भारतात कस्तुरीमृगाला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत संरक्षण आहे. कस्तुरीसाठीची चोरटी शिकार मात्र थांबलेली नाही.