मांजराचं पिल्लू चावतंय, ओरबाडतंय? मारू नका, सवय अशी मोडा

बेळगावात त्याला बेक्कू म्हणा, इंदूर-ग्वाल्हेरात बिल्ली म्हणा, वडोदऱ्यात बिलाडी म्हणा नाहीतर हैदराबादेत पिल्ली म्हणा, घरात नवीन आलेलं मांजराचं पिल्लू सगळीकडे एकच उद्योग करतं. चालणाऱ्याच्या पायावर झेप, पांघरुणाखाली हललेल्या बोटावर हल्ला आणि कुरवाळायला गेलेल्या हाताला दातांचा प्रसाद. पहिले आठ-दहा दिवस घरातले सगळे हसतात. मग लहान मुलाच्या हातावर ओरखडे उठतात, आजीच्या पायातून रक्त येतं आणि "काय चावालंय बघ हे, सोडून या जावा" अशी भाषा सुरू होते.

बरीच पिल्लं याच टप्प्यावर घराबाहेर जातात. कोणी मार्केटात सोडतं, कोणी देवळापाशी, कोणी गावाबाहेर. घरात वाढलेलं पिल्लू तिथे फार दिवस टिकत नाही. खरं तर ही सवय बहुतेक पिल्लांची मोडते. त्यासाठी पिल्लू का चावतं हे समजून घ्यावं लागतं आणि घरातल्या सगळ्यांना एकच नियम पाळावा लागतो.

पिल्लू चावतं कशासाठी?

मांजर हा शिकारी प्राणी. दबा धरणं, झेप घेणं, पुढच्या पायांनी पकडणं, मागच्या पायांनी लाथा मारणं आणि चावणं ही शिकारीची सगळी तालीम पिल्लू खेळातूनच करतं. चार आठवड्यांच्या सुमारास हा खेळ सुरू होतो आणि पुढचे काही महिने त्याला भलताच जोर असतो. त्यामुळे खेळताना चावणारं पिल्लू "रागीट" किंवा "वाईट जातीचं" नसतं.

किती जोरात चावायचं हे मात्र त्याला जन्मतः कळत नाही. ते भावंडांत शिकावं लागतं. एक पिल्लू दुसऱ्याला जोरात चावलं की ते ओरडतं, उलटा पंजा मारतं किंवा खेळ सोडून निघून जातं. आईसुद्धा अंगचटीला येणाऱ्या पिल्लाला दटावते. "जोरात चावलं की खेळ संपतो" हा धडा अशा रोजच्या मस्तीतून मिळतो.

आपल्याकडे अडचण इथेच होते. माळ्यावर, गोठ्यात किंवा गल्लीत भाटी व्याली की चार-पाच आठवड्यांची पिल्लं वाटून टाकली जातात आणि एका घरी एकच पिल्लू जातं. पिल्लू निदान आठ आठवडे, जमल्यास बारा आठवडे आई आणि भावंडांजवळ राहिलेलं चांगलं. लवकर आणलेल्या एकट्या पिल्लाला हा धडा मिळालेलाच नसतो. मग माणसाचे हात आणि पाय हीच त्याची भावंडं होतात.

दुसरं कारण दातांचं. दुधाचे २६ दात सहा ते आठ आठवड्यांपर्यंत येतात. साडेतीन-चार महिन्यांपासून ते पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत कायमचे ३० दात येतात. या काळात हिरड्या शिवशिवतात आणि पिल्लू मिळेल ते चावतं.

खेळ, राग की दुखणं?

उपाय करण्याआधी चावण्याचा प्रकार ओळखावा.

खेळातलं चावणं: पिल्लू दबा धरतं, मागचा भाग हलवतं, तिरकं तिरकं उड्या मारत येतं. आवाज जवळपास नसतोच. चावून पळतं आणि परत येतं.

घाबरून चावणं: कान मागे चिकटलेले, अंग आक्रसलेलं, अंगावरचे केस उभे आणि फिसकारणं. अशा पिल्लाला हात लावायचा नाही. त्याला लपायला जागा द्यायची आणि शांत होऊ द्यायचं.

कुरवाळणं नको झालं म्हणून चावणं: मांडीवर शांत बसलेलं पिल्लू अचानक चावतं असं लोक म्हणतात. पण त्याआधी शेपटी फटकारणं, पाठीची कातडी थरथरणं, कान वळवणं, हाताकडे मान फिरवणं या खुणा झालेल्या असतात. त्या दिसल्या की हात काढून घ्यावा. पोटाला हात लावणं बहुतेक मांजरांना आवडत नाही.

दुखतंय म्हणून चावणं: एरवी शांत असलेलं पिल्लू एखाद्या जागी हात लावला की चावत असेल, लंगडत असेल, खाणं सोडलं असेल, तर ते खेळ नव्हे. ते दुखणं आहे, पशुवैद्याकडे न्यावं.

चावलं त्या क्षणी काय करायचं?

पहिली चूक सगळे करतात ती हात झटक्यात ओढण्याची. पळणारी वस्तू म्हणजे शिकार, त्यामुळे पिल्लू आणखी घट्ट धरतं आणि कातडी जास्त फाटते. त्याऐवजी हात जिथल्या तिथे ढिला सोडायचा. हालचाल थांबली की पिल्लाची पकड सैल होते. तरी सुटलं नाही तर हात किंचित त्याच्याच दिशेने सरकवायचा. शिकार अंगावर येत नसते, त्यामुळे ते गोंधळून सोडतं.

सुटल्याबरोबर खेळ बंद. न बोलता, न रागावता उठायचं आणि एक-दोन मिनिटं दुसऱ्या खोलीत जायचं. भावंडं शिकवतात तोच हा धडा. परत आल्यावर हाताऐवजी खेळणं पुढे करायचं. दिवसात दहा वेळा चावलं तर दहाही वेळा हेच करायचं. एकदा हसून सोडलं आणि एकदा ओरडलं, तर पिल्लाला नियम कळत नाही.

मारणं, नाकावर टिचकी, मानगुटीला धरून उचलणं, तोंडावर पाणी उडवणं, कोंडून ठेवणं यांचा उपयोग होत नाही. काही पिल्लांना ती झटापट म्हणजे आणखी जोरदार खेळ वाटतो. बाकीची पिल्लं माणसाच्या हाताला घाबरू लागतात आणि मोठेपणी घाबरून चावतात. ते चावणं खेळातल्या चावण्यापेक्षा वाईट.

रोजचा खेळ ठरवा

नुसतं "नको" म्हणून भागत नाही, चावायला दुसरं काहीतरी द्यावं लागतं. दिवसातून तीन-चार वेळा, दर वेळी दहा-पंधरा मिनिटं दमवणारा खेळ खेळावा. महागडी खेळणी नकोत. हातभर काठीला दोरी आणि दोरीच्या टोकाला कापडाची पुरचुंडी बांधली की झालं. हात आणि दात यांच्यामध्ये काठीचं अंतर राहतं.

पुरचुंडी उंदरासारखी हलवायची: पिल्लापासून लांब न्यायची, थांबवायची, दाराआड लपवायची. पिल्लाच्या तोंडावर आपटायची नाही. शेवटी त्याला ती पकडू द्यायची आणि लगेच थोडं खाणं द्यायचं. शिकार, खाणं, अंग चाटणं, झोप हा मांजराचा स्वाभाविक क्रम आहे. रात्री झोपण्याआधी असा खेळ झाला, तर पहाटे चारला पायावर होणारे हल्लेही कमी होतात.

पुढच्या पायांनी कवटाळून मागच्या पायांनी लाथा मारायची पिल्लांना हौस असते. त्यासाठी जुन्या मोज्यात चिंध्या भरून वीतभर लांब गुंडाळी करून द्यावी. कागदाचे बोळे आणि रिकामी पुठ्ठ्याची खोकीही चालतात.

एक काळजी घ्यावी. खेळ संपला की दोरी उचलून ठेवायची. शिवणकामाचा दोरा, लोकर, रबर बँड, पतंगाचा मांजा पिल्लाच्या पोटात गेला तर आतडी कापली जाऊ शकतात आणि ऑपरेशनची वेळ येते. दोऱ्याचं टोक तोंडातून किंवा गुदद्वारातून बाहेर दिसलं तर ओढू नये, तसंच पशुवैद्याकडे न्यावं.

भुकेलं पिल्लू जास्त चावतं. चार-पाच महिन्यांपर्यंत दिवसातून तीन-चार वेळा थोडं थोडं खाणं द्यावं. नुसत्या दूध-भातावर पिल्लाची वाढ नीट होत नाही. त्याला मांस, मासे, अंडं असा प्राणिजन्य आहार लागतो. बऱ्याच मांजरांना गाईम्हशीचं दूध पचत नाही आणि जुलाब होतात. कांदा-लसूण घातलेलं कालवण देऊ नये, तो त्यांना विषासारखा आहे.

घरात सगळ्यांचा एकच नियम

सवय मोडत नाही त्याचं सगळ्यात मोठं कारण घरातल्या माणसांत सापडतं. आई हात काढून घेते आणि रात्री काका पांघरुणाखाली बोटं नाचवतात. लहानपणी गंमत म्हणून शिकवलेला हा खेळ मांजर चार किलोचं झाल्यावरही खेळतं. म्हणून पहिल्या दिवसापासून ठरवावं की हात-पाय ही खेळणी नाहीत.

पाच-सहा वर्षांपर्यंतच्या मुलांना पिल्लाजवळ एकटं सोडू नये. मुलं शेपूट ओढतात, झोपलेलं पिल्लू उचलतात आणि मग चेहऱ्यावर ओरखडा येतो. मधुमेह असलेल्या, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या घेणाऱ्या आणि कातडी नाजूक झालेल्या वयस्कर माणसांनीही जपावं.

पिल्लाची नखं दोन-तीन आठवड्यांनी टोकाशी किंचित कापावीत. आतला गुलाबी भाग कापू नये, तिथे रक्तवाहिनी असते.

घरात जागा आणि खर्चाची तयारी असेल तर त्याच वयाचं दुसरं पिल्लू आणणं हाही चांगला उपाय आहे. जोडीचं पिल्लू चावण्याचा जोर माणसापेक्षा लवकर शिकवतं. घरात म्हातारं मांजर असेल तर मात्र त्याच्या गळ्यात हे काम घालू नये, त्याला मस्ती सोसत नाही.

रक्त आलं तर: "पिल्लूच तर आहे" म्हणू नका

इथे हयगय चालत नाही. रेबीज फक्त कुत्र्यापासून होतो हा गैरसमज आहे, मांजरापासूनही तो होतो. पिल्लालाही होऊ शकतो, कारण रेबीज झालेला कुत्रा किंवा मांजर त्याला आधीच चावलेलं असू शकतं. पिल्लाला रेबीजची लस साधारण तीन महिन्यांनंतर देतात. म्हणजे गल्लीतून आणलेलं दोन महिन्यांचं पिल्लू लस न घेतलेलंच असतं.

दात लागले किंवा ओरखडा उठला तर:

१. जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबण लावून १५ मिनिटं धुवावी. घड्याळ लावून धुवावी, कारण १५ मिनिटं वाटतात त्यापेक्षा जास्त असतात.

२. हळद, चुना, तिखट, तेल, कॉफी पावडर काहीही लावू नये. पट्टी घट्ट बांधू नये.

३. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जावं. उघड्या कातडीला दात लागले किंवा रक्त न येता ओरखडा उठला तरी लस लागते. दात आत घुसून रक्त आलं असेल तर लसीबरोबर जखमेत इम्युनोग्लोब्युलिनही द्यावं लागतं.

४. लस दंडात देतात, पोटातली चौदा इंजेक्शनं केव्हाच बंद झाली. स्नायूत द्यायची असेल तर पहिला दिवस शून्य धरून ०, ३, ७, १४ आणि २८ व्या दिवशी देतात. कातडीत द्यायची असेल तर ०, ३, ७ आणि २८ व्या दिवशी.

५. चावलेल्या पिल्लावर दहा दिवस लक्ष ठेवावं. दहा दिवसांत काय होतं ते बघू आणि मग लस घेऊ, असं मात्र करू नये. लस आधी सुरू करायची. पिल्लू ठणठणीत राहिलं तर पुढचे डोस डॉक्टर ठरवतात.

सीमाभागातल्या वाचकांसाठी महत्त्वाचं: पहिला डोस बेळगावात आणि पुढचा कोल्हापुरात किंवा पणजीत घेता येतो. लसीचं कार्ड जपून न्यावं, म्हणजे लस कातडीत दिली की स्नायूत, हे पुढच्या डॉक्टरांना कळतं. प्रवासामुळे डोस चुकवू नये. गोवा सरकारने २०२१ मध्ये राज्य रेबीज नियंत्रित क्षेत्र म्हणून जाहीर केलं, पण म्हणून तिथेही चावल्यावर लस टाळायची नाही. रेबीजची लक्षणं सुरू झाल्यावर रोगी वाचणं जवळपास अशक्य असतं.

मांजराचे दात सुईसारखे असतात. वरून छिद्र बारीक दिसतं, पण जंतू खोलवर जातात. हाताला, विशेषतः बोटांच्या सांध्याजवळ चावलं असेल आणि दुसऱ्या दिवशी सूज, लाली किंवा ठणका वाढला तर लगेच डॉक्टरांना दाखवावं. धनुर्वाताचं इंजेक्शन कधी झालं तेही सांगावं.

किती दिवस धीर धरायचा?

नियम नीट पाळले तर तीन-चार आठवड्यांत फरक दिसू लागतो. सहा-सात महिन्यांनी कायमचे दात आले की जोर ओसरतो आणि वर्षाच्या आसपास बहुतेक मांजरं शांत होतात. पाच-सहा महिन्यांच्या सुमारास नसबंदी करून घ्यावी. तिने खेळातलं चावणं थांबत नाही, पण बोक्यांची मारामारी आणि भटकणं कमी होतं, शिवाय वाटून टाकायला पुन्हा पिल्लं होत नाहीत.

महिनाभर करूनही फरक नसेल, किंवा चावणं वाढत असेल, तर पशुवैद्याचा सल्ला घ्यावा. पिल्लू ठेवणं खरंच जमत नसेल तर ओळखीत दुसरं घर शोधावं आणि ते चावतं हे नवीन माणसाला आधीच सांगावं. पाळलेलं जनावर वाऱ्यावर सोडणं हा प्राण्यांना क्रूरतेने वागवण्यास प्रतिबंध करणाऱ्या १९६० च्या केंद्रीय कायद्याखाली गुन्हा आहे, आणि हा कायदा सीमेच्या दोन्ही बाजूंना सारखाच लागू आहे.