स्टार्टरच्या बटणाची गोष्ट

मंडळी, जुन्या मोटरसायकलचं स्टार्टर बटण दाबलं आणि नुसती शांतता, की आपण आधी बॅटरीला शिव्या घालतो. इतिहास बघितला तर त्या अगदीच अनाठायी नाहीत!

१९१४ साली अमेरिकेतल्या 'इंडियन' कंपनीने इलेक्ट्रिक स्टार्टवाली 'हेंडी स्पेशल' काढली. दोन बॅटऱ्या आणि एकच मोटर. तीच इंजिन चालू करणार, तीच पुढे जनरेटर होऊन चार्जिंग करणार. आयडिया झकास, पण त्या काळच्या बॅटऱ्यांना दमच नव्हता. मॉडेल लगेच गुंडाळावं लागलं. चारचाकीत मात्र हे आधीच जमलं होतं. चार्ल्स केटरिंगचा सेल्फ-स्टार्टर १९१२च्या कॅडिलॅकमध्ये आला. हा बाबा त्याआधी कॅश रजिस्टरला मोटर बसवत होता. छोट्या मोटरकडून क्षणभर जास्त काम काढता येतं, हे त्याला ठाऊक होतं. शिवाय कारमध्ये जड बॅटरीला जागा होती.

हार्लेच्या मोठ्या गाडीला बटण मिळायला १९६५ उजाडलं, आणि कौतुक इतकं की नावच 'इलेक्ट्रा ग्लाइड'. आपल्याकडे बटणाची चटक लावली १९८४च्या कायनेटिक होंडाने. बुलेटवाले तेव्हा किकच मारत होते (आणि त्याचाच रुबाब मिरवत होते).

आता मुद्द्याचं. हँडलवरचं बटण मोटरला थेट करंट देत नाही. ते फक्त रिलेला जागं करतं. मोटरचा दांडगा करंट रिलेतून जातो. म्हणून बटण दाबल्यावर रिले 'टक' वाजला तर बटण बहुधा निर्दोष. बॅटरी, रिलेचे कॉन्टॅक्ट, मोटर बघा. टकही नाही? मग न्यूट्रल, क्लच स्विच, फ्यूज तपासून बटणाकडे या. काही जुन्या होंडांमध्ये तर हेडलाइटचा करंटही याच बटणातून फिरवलाय, स्टार्ट करताना दिवा बंद व्हावा म्हणून. बिचारे कॉन्टॅक्ट जळणारच!

मेकॅनिक 'पूर्ण असेंब्ली बदला' म्हणेल. जुन्या मॉडेलची ओरिजिनल असेंब्ली मिळणं मुश्किल, आणि डुप्लिकेटमध्ये वायरींचे रंगही जुळतील याची खात्री नाही. त्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढा, खाली जुना टॉवेल पसरा (आतली स्प्रिंग उडते, आणि उडाली की गेलीच), स्विच उघडा. काळे-हिरवे पडलेले कॉन्टॅक्ट बारीक पॉलिश पेपरने हलकेच घासा, कॉन्टॅक्ट क्लीनर मारा, सुटलेला टाका पुन्हा सोल्डर करा. तासाभराचं काम आहे.