सिमेंटमधील कार्बन : बांधकाम काढण्यापूर्वी जाणून घ्यावे असे काही

घर असो वा धर्मग्रामाचे सभागृह, बांधकाम काढताना आपण खडी, रेती व लोखंड यांची कसून चौकशी करतो. गोणीतील सिमेंट कशाचे बनले आहे, हे मात्र आपण क्वचितच विचारतो. मानवी व्यवहारांतून जगभर बाहेर पडणाऱ्या कार्बन डायऑक्साइडपैकी सुमारे ७ ते ८ टक्के वायू सिमेंटनिर्मितीतून येतो. म्हणून या विषयाची थोडक्यात माहिती आम्ही येथे देत आहोत.

कार्बन कोठून येतो?

सिमेंटचा मुख्य घटक म्हणजे क्लिंकर. चुनखडी व माती यांचे मिश्रण भट्टीत सुमारे १४५० अंश सेल्सिअसपर्यंत तापवून ते तयार करतात. या उष्णतेत चुनखडीचे विघटन होते. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली असता ५६ किलो चुना उरतो आणि ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. भट्टीचे इंधन बदलले तरी हा वायू टळत नाही. म्हणूनच सिमेंटमधील क्लिंकरचे प्रमाण घटवणे महत्त्वाचे ठरते.

पर्याय कोणते?

१) पीपीसी : यात औष्णिक वीजकेंद्रांतील राख मिसळतात. भारतीय मानकानुसार तिचे प्रमाण १५ ते ३५ टक्के असते.

२) पीएससी : यात लोखंडाच्या झोतभट्टीतील स्लॅग २५ ते ७० टक्के असतो. खाऱ्या हवेत सळ्यांना गंजापासून अधिक संरक्षण देणारे हे सिमेंट किनारपट्टीस विशेष उपयुक्त आहे.

३) एलसी-३ : यात भाजलेली चिकणमाती व न भाजलेली चुनखडी वापरून क्लिंकर सुमारे निम्म्यावर आणतात. ही माती ७०० ते ८५० अंशांवरच भाजली जाते. स्वित्झर्लंड, क्यूबा व भारत येथील संशोधकांनी विकसित केलेल्या या सिमेंटमुळे उत्सर्जन साध्या सिमेंटच्या तुलनेत ३० ते ४० टक्क्यांनी घटते. भारतीय मानक ब्यूरोने २०२३ मध्ये त्यासाठी मानक प्रसिद्ध केले.

कोणती काळजी घ्यावी?

मिश्र सिमेंट कच्चे असते, हा समज बरोबर नाही. मात्र त्याची बळकटी सावकाश वाढते. सिमेंट व पाणी यांच्या संयोगातून मोकळा होणारा चुना राखेशी हळूहळू एकजीव होतो आणि त्यासाठी ओलावा टिकून राहावा लागतो. साध्या सिमेंटच्या काँक्रीटवर किमान ७ दिवस पाणी मारावे, तर मिश्र सिमेंटच्या काँक्रीटवर किमान १० दिवस, असे भारतीय मानक सांगते. उष्ण व कोरड्या हवेत ही मुदत १४ दिवसांपर्यंत वाढवणे हिताचे असते. सेंट्रिंग काढण्याची घाई करू नये; ते अभियंत्याच्या सल्ल्यानेच काढावे.

गोणीवर सिमेंटचा प्रकार छापलेला असतो. माल उतरवून घेण्यापूर्वी तो वाचावा आणि आपल्या कामास कोणता प्रकार योग्य, हे अभियंत्यास विचारावे, अशी वाचकांना आमची विनंती आहे. स्लॅब एकदा पडल्यावर हा निर्णय बदलता येत नाही.