वकील घडतो कुठे? : लंडनच्या पंगतीपासून कळंबच्या मोंढ्यापर्यंत

मंडळी, व्यापारी दावे चालवणारा वकील नेमका कुठे घडतो, एवढ्या एकाच प्रश्नाचा आज आपण इतिहासातून माग काढणार आहोत. विषय लंडनचा वाटेल, पण तो मांजरेच्या काठापर्यंत येतो. मोंढ्यात सोयाबीनचा व्यवहार फिसकटला, आडत्याचे पैसे अडकले, की शेवटी कागद घेऊन माणूस वकिलाकडेच जातो. त्या वकिलाला हे कागद वाचायला कोणी शिकवलं?

सुरुवात इंग्लंडपासून करू. तिथे बॅरिस्टर होण्यासाठी चार ‘इन’पैकी एकात नाव घालावं लागे, बारा सत्रं भरावी लागत आणि परीक्षा द्यावी लागे. सत्र भरणं म्हणजे काय, तर इनच्या दिवाणखान्यात ठरावीक वेळा जेवायला हजर राहणं. आज ऐकून हसू येतं, पण जुन्या काळी ज्येष्ठांच्या पंगतीत बसून धंद्याची रीत कानावर पडावी, हा त्यामागचा हेतू होता. पुढे पंगत उरली, शिकवण आटली.

खरं शिक्षण त्यानंतर, चेंबरमध्ये. नवा बॅरिस्टर वर्षभर एखाद्या अनुभवी बॅरिस्टरच्या हाताखाली बसे. त्याचे कागद वाचायचे, मसुदे करून दाखवायचे, त्याच्यामागे कोर्टात जायचं. ह्याला ‘प्युपिलेज’ म्हणतात. आणि गंमत बघा, शिकणाऱ्यालाच वर्षाला 100 गिनी मोजाव्या लागत. थोडक्यात, पदवी जेवून मिळे, पण धंदा पैसे देऊन शिकावा लागे. ज्याच्याकडे ते नव्हते, तो नुसती पदवी घेऊन बोटीत बसे.

गांधीजी असेच परतले. 10 जून 1891 ला ते बॅरिस्टर झाले. मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिल्या दाव्यात उलटतपासणीला उभे राहिले आणि तोंडातून शब्द फुटेना. खाली बसले, दावा दुसऱ्याकडे द्यायला सांगितलं. 1893 मध्ये दादा अब्दुल्ला ह्यांच्या पेढीच्या कामासाठी ते दक्षिण आफ्रिकेत गेले. दावा 40,000 पौंडांचा, आणि सगळा हिशेबाचा. बॅरिस्टरसाहेबांना ‘पी. नोट’ म्हणजे प्रॉमिसरी नोट, हेसुद्धा ठाऊक नव्हतं! मग त्यांनी जमाखर्चाचं पुस्तक विकत आणलं, वह्या उलगडल्या, कारकुनांना विचारलं, प्रिटोरियात तिथल्या वकिलांचं काम जवळून पाहिलं. शेवटी प्रकरण लवादाकडे नेलं. निकाल अशिलाच्या बाजूने सुमारे 37,000 पौंडांचा लागला. समोरचा व्यापारी एकरकमी भरता तर बुडाला असता, म्हणून हप्ते बांधून दिले. आपण वकिली खऱ्या अर्थाने त्या वर्षी शिकलो, असं ते स्वतःच लिहितात. त्यांचं चेंबर म्हणजे एक पेढी होती.

आता मुंबईकडे येऊ. 1862 मध्ये मुंबई उच्च न्यायालय सुरू झालं तेव्हा त्याच्या दोन बाजू झाल्या. ओरिजिनल साइडला मुंबई शहरातले मोठे दावे चालत. कापूस, जहाज, विमा, हुंडी असा सगळा व्यापार तिथे. अपिलेट साइडला मोफसलची अपिलं. ओरिजिनल साइडची खास रीत अशी की पक्षकार थेट बॅरिस्टरकडे जात नसे. आधी सॉलिसिटर, आणि सॉलिसिटर ठरवील त्याला ब्रीफ. म्हणजे दाराची किल्ली सॉलिसिटरच्या हातात. हे दार नव्या माणसाला उघडायचं असेल तर घराण्याची ओळख हवी, नाहीतर मोठ्या चेंबरचा आधार हवा.

बाबासाहेब आंबेडकरांचं उदाहरण इथे लागू पडतं. 1916 मध्ये त्यांनी ग्रेज इनमध्ये नाव घातलं. शिष्यवृत्ती संपली म्हणून मध्येच परतावं लागलं; पुन्हा जाऊन 28 जून 1922 ला ते बॅरिस्टर झाले. 1923 मध्ये मुंबईत वकिली सुरू करायची, तर सनदेलाही पैसे नव्हते. मित्र नवल भथेना मदतीला आले. कोलंबिया आणि लंडनच्या अर्थशास्त्राच्या पदव्या असलेला हा माणूस. रुपयाच्या प्रश्नावर ग्रंथ लिहिणारा. व्यापारी दाव्यांसाठी ह्याहून तयार वकील मुंबईला कुठे मिळाला असता? पण सॉलिसिटरांकडून ब्रीफ येईना. जात आडवी आली. त्यांना अपिलेट साइडला आणि मोफसलच्या कोर्टांत काम शोधावं लागलं. आणि ह्याच काळात, 1925 ते 1928, ते बाटलीबॉय ह्यांच्या अकाउंटन्सी संस्थेत शिकवत होते. विषय कोणता? व्यापारी कायदा. जो कायदा ते इतरांना शिकवत होते, त्याचे मोठे दावे त्यांच्यापर्यंत पोचत नव्हते.

आपला मुलूख तेव्हा निजामाच्या राज्यात. इथली न्यायव्यवस्था वेगळी, कोर्टाची भाषा उर्दू. 1918 मध्ये निघालेल्या उस्मानिया विद्यापीठात कायदाही उर्दूतूनच शिकवत. घरी मराठी, मोंढ्यात मोडीतल्या वह्या आणि कोर्टात उर्दू, अशी वकिलाची तिहेरी कसरत. 1948 ला संस्थान भारतात आलं, 1956 ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, तेव्हा आपण मुंबई उच्च न्यायालयाच्या कक्षेत आलो. औरंगाबादला खंडपीठ मिळायला 1981 उजाडलं.

मग कायद्याने वकिलाच्या शिक्षणाचं काय केलं? 1961 च्या अ‍ॅडव्होकेट्स अ‍ॅक्टने देशभर वकिलांचा एकच वर्ग केला. मुंबईतली सॉलिसिटर-बॅरिस्टरची दुहेरी पद्धतही 1977 पासून कायद्याने संपली. पण त्याच कायद्यातली सनदेपूर्वीच्या प्रशिक्षणाची अट 1973 च्या दुरुस्तीने गेली. बार कौन्सिलने 1995 मध्ये एक वर्षाच्या उमेदवारीचे नियम केले. सर्वोच्च न्यायालयाने 1999 मध्ये, व्ही. सुदीर प्रकरणात, असे नियम करण्याचा अधिकारच कौन्सिलला नाही म्हणून ते रद्द केले. आज परीक्षा आहे, सक्तीची उमेदवारी नाही.

आणि काम मात्र अवघड झालंय. 2015 च्या व्यापारी न्यायालयांच्या कायद्यात मर्यादा 1 कोटीची होती. 2018 ला ती 3 लाखांवर आली. तीन लाख म्हणजे मोंढ्यातल्या दोन व्यापाऱ्यांमधला साधा व्यवहार! तातडीचा मनाई हुकूम नको असेल तर दाव्याआधी मध्यस्थी सक्तीची. ती वगळली तर दावाच फेटाळला जातो. समन्स मिळाल्यापासून 120 दिवसांत कैफियत दिली नाही, तर ती देण्याचा हक्क संपला. शिवाय नुसती खतावणी दाखवून भागत नाही. नियमित ठेवलेल्या हिशेबवह्या पुराव्यात येतात, पण केवळ त्यांच्यावर कोणाच्या डोक्यावर देणं बसवता येत नाही. 1872 च्या पुरावा कायद्यातला हा नियम 2023 च्या नव्या अधिनियमातही आहे. वहीला पावती, वजनाची चिठ्ठी, बँकेचा उतारा जोडावा लागतो. हे कोण शिकवणार? सीनिअरच. आणि चूक झाली तर पैसे बुडतात ते पक्षकाराचे.

म्हणून शेवटचा मुद्दा पोटाचा. इंग्लंडमध्ये आता शिकणाऱ्याला पैसे द्यावे लागतात, घेता येत नाहीत. आपल्याकडे ऑक्टोबर 2024 मध्ये बार कौन्सिल ऑफ इंडियाने ज्युनिअरला शहरात किमान 20,000 आणि ग्रामीण भागात 15,000 रुपये महिना द्यावा, असं सुचवलं. सुचवलं, बंधन नाही. तालुक्याच्या सीनिअरचीही कमाई बेताची असते, हे मान्य. तरी आपल्या भागातल्या शेतमजुराच्या मुलीने सनद घेतली आणि पहिली दोन-तीन वर्षं घरून पैसे आले नाहीत, तर ती कोर्टात टिकेल का? 100 गिनींचं दार आणि सॉलिसिटरचं दार, दोन्ही आपण पाहिली. बिनपगारी उमेदवारी हे तिसरं दार आहे. ते उघडायचं तर वकील संघ, सीनिअर आणि ज्यांचे दावे चालतात ते व्यापारी, तिघांनी मिळून काहीतरी ठरवावं लागेल. त्यावर आता आपण प्रश्नोत्तरांत बोलू.