१४ मार्च १९३१ : ‘आलम आरा’चा नायक

मुंबईत गिरगावातील मॅजेस्टिक सिनेमागृहात १४ मार्च १९३१ रोजी अर्देशीर इराणी यांचा ‘आलम आरा’ हा पहिला भारतीय बोलपट प्रदर्शित झाला आणि तिकिटांसाठी लोटलेली गर्दी आवरण्यासाठी पोलिसांना पाचारण करावे लागले. नायक होते मूकपटांतील, म्हणजे ध्वनीविरहित चित्रपटांतील, साहसी भूमिकांचे लोकप्रिय नट मास्टर विठ्ठल. तलवारबाजी आणि चपळ उड्या यांमुळे त्यांना ‘भारताचा डग्लस फेअरबँक्स’ म्हटले जाई. ही तुलना त्या काळात कोणाला समजावून सांगावी लागत नव्हती, कारण हॉलिवूडचा नट फेअरबँक्स याच्या ‘द थीफ ऑफ बगदाद’ (१९२४) या साहसपटाने येथील प्रेक्षकांना आधीच वेड लावले होते.

या घटनेचे महत्त्व केवळ पहिलेपणात नाही. विठ्ठल यांच्या नावाला इतके मोल होते की त्यांच्याशी करार असलेल्या आणि ‘आलम आरा’साठी त्यांना सोडण्यास तयार नसलेल्या शारदा स्टुडिओने करारभंगाचा दावा लावला आणि बॅरिस्टर महंमद अली जीना यांनी विठ्ठल यांची बाजू मांडून तो जिंकला. नटाची लोकप्रियता ही न्यायालयात भांडण्याजोगी मालमत्ता ठरल्याचे हे आरंभीचे ठळक उदाहरण होय. गंमत अशी की, ज्या ध्वनीसाठी गर्दी लोटली त्यानेच या नायकाची अडचण केली, कारण देहाच्या चापल्यावर उभी राहिलेली कीर्ती संवादफेकीच्या कसोटीला उतरेना आणि बोलपटांत त्यांचे पहिले स्थान टिकले नाही. ‘आलम आरा’ची एकही प्रत आज उपलब्ध नसल्याने अभ्यासकांना छायाचित्रे, जाहिराती आणि समकालीन वृत्ते यांवरच विसंबावे लागते.